मागे पडल्याची भावना आणि महाविद्यालयातील नवी साधने

वाचकाचे पत्र, थोडक्यात

राज्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी, अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचे हे पत्र आहे. सेवेची वीसहून अधिक वर्षे झाली आहेत आणि निवृत्तीला अजून बराच अवधी आहे. महाविद्यालयात नॅकच्या (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) पुढच्या फेरीची तयारी चालू असल्यामुळे प्रत्येक विभागाने 'आयसीटी'चा, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा, वापर वाढवावा, असा प्राचार्यांचा आग्रह आहे. एका तरुण सहकाऱ्याने अध्यापन, हजेरी, चाचण्या आणि 'एआय तपासणी' असे सगळे एकत्र देणारे सशुल्क पॅकेज घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. त्या पॅकेजच्या चाचणी आवृत्तीत एका अभ्यासू विद्यार्थिनीचा निबंध 'बहुतांशी यंत्राने लिहिलेला' ठरला, आणि ती मुलगी वर्गात रडली. दुसरीकडे, काही विद्यार्थी चॅटजीपीटीवरून उतरवलेले लेखन सादर करत आहेत, याबद्दल पत्रलेखिकेला शंका उरलेली नाही. १९७२च्या दुष्काळावरील त्यांचे स्वतःचे संशोधन टिपणकार्डांवर आहे. एका नियतकालिकाने संदर्भांची पद्धत बदलून मागितली, तेव्हा त्या कामात त्यांची दिवाळीची सुट्टी संपली. त्यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधक विद्यार्थ्याचा प्रबंध जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला आहे आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडत नाही. त्या विचारतात: 'मी या सगळ्यात मागे पडले आहे. आता या वयात सगळे शिकायला घ्यावे, की हे आपले काम नाही असे सांगून मोकळे व्हावे?'

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात अनेक प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतला एक तातडीचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

त्या विद्यार्थिनीचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून कापू नका, आणि विभागातील अन्य कोणालाही कापू देऊ नका. निकाल टक्क्यांत आला की तो रक्तातल्या साखरेच्या मोजमापासारखा पक्का वाटतो. प्रत्यक्षात हे सॉफ्टवेअर लेखनातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येण्याजोगा आहे, वाक्यांची रचना किती एकसारखी आहे, अशा खुणांवरून केवळ अंदाज बांधत असते. जी मुलगी पाठ्यपुस्तकाच्या वळणाचे, सरळ, नेटके आणि ठरावीक शब्दांतले मराठी लिहिते, तिचे लेखन अशा अंदाजात हमखास अडकू शकते. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात साधनांकडून तपासून घेतले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून चुकीचे ओळखले गेले. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयनेही यंत्रलिखित मजकूर ओळखणारे आपले साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि त्याची अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. हे सारे इंग्रजी मजकुराच्या बाबतीत घडलेले आहे. मराठी मजकुरावर आपले साधन किती तपासले आहे आणि निर्दोष लेखन दोषी ठरण्याचे प्रमाण किती आढळले, हे विक्रेत्याला लेखी विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत त्या आकड्याला मूल्यमापनात स्थान देता येणार नाही, हेही विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा. त्या मुलीला मात्र बैठकीची वाट पाहायला लावू नका. तिला बोलावून, निबंधातले दोन मुद्दे विचारून, तिचा निबंध तिचाच असल्याचे तुम्ही स्वतः सांगा, आणि शक्य असल्यास ज्यांच्यासमोर ती रडली त्या वर्गासमोर सांगा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तुम्ही 'मागे पडले' असे लिहिता, पण कोणाच्या मागे, हे पत्रातून नीट कळत नाही. तुमचे तरुण सहकारी चित्रफिती उत्तम तयार करतात, असे तुम्हीच मोकळेपणाने लिहिले आहे. त्याच पत्रात असेही लिहिले आहे की जुन्या वृत्तपत्रांच्या फायली कुठे मिळतील, सरकारी अहवाल कसा वाचावा, हे विचारायला ते तुमच्याकडे येतात. तुमच्या टिपणकार्डांचे वर्णन मी पुन्हा पुन्हा वाचले: वरच्या कोपऱ्यात विषय, त्याखाली ग्रंथ आणि पृष्ठ, मूळ उताऱ्याला अवतरणचिन्हे आणि स्वतःचे मत वेगळ्या शाईने. ही शिस्त ज्याच्याजवळ आहे त्याला संशोधनाची साधने शिकणे फार जड जात नाही, कारण त्यांतली बरीच साधने हीच शिस्त गृहीत धरून बनवलेली आहेत. ज्याला संदर्भ का आणि कसा नोंदवायचा हेच ठाऊक नाही, त्याचे काम कोणतेही सॉफ्टवेअर सोपे करू शकत नाही.

त्यामुळे 'सगळे शिकावे की सगळे सोडावे' या प्रश्नाची मांडणीच मला पटत नाही. तुमच्यावर तीन वेगवेगळ्या दिशांनी दडपण येत आहे: नॅकला काय दाखवायचे, वर्गात काय वापरायचे आणि स्वतःच्या संशोधनात काय उपयोगी पडेल. ही तिन्ही एकच असल्यासारखी तुमच्यासमोर आली आहेत, कारण पॅकेज विकणाऱ्याने ती एकत्र बांधून आणली आहेत. ती सुटी करून पाहिलीत तर ओझे बरेच हलके होईल. माझ्या मते सुरुवात संशोधनापासून करावी. तिथे चुकले तर विद्यार्थ्यांचे नुकसान होत नाही, आणि लाभ तुम्हाला त्याच वर्षी दिसतो.

ज्या संदर्भसूचीत तुमची सुट्टी गेली, तिच्यासाठी झोटेरो हे साधन आहे. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात २००६ साली ते प्रथम उपलब्ध झाले, म्हणजे इतिहासाच्याच अभ्यासकांनी ते आधी स्वतःच्या गरजेसाठी घडवले. त्यात प्रत्येक ग्रंथ, लेख, अहवाल किंवा वृत्तपत्रातील बातमी ही एक नोंद असते, आणि तिच्या पोटात हवी तितकी टिपणे ठेवता येतात. कार्डांची अडचण अशी असते, की 'मिलो ज्वारीचे वाटप' या विषयावरचे कार्ड 'रेशन'च्या पेटीत ठेवावे की 'आयात धान्या'च्या, हे ठरवावे लागते. झोटेरोत एकच नोंद दोन्ही संग्रहांत दिसू शकते. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये लिहिताना तिथूनच संदर्भ घातला, की नियतकालिकाने पद्धत बदलून मागितल्यावर ती निवडीच्या एका यादीतून बदलते आणि सगळ्या तळटीपा व सूची नव्या पद्धतीने मांडल्या जातात.

मराठी अभ्यासकाला यात काही गोष्टी हाताने कराव्या लागतात, हे आधीच माहीत असावे. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक नसतो, त्यामुळे त्यांची माहिती आपोआप भरली जात नाही. ती आडनाव, नाव, प्रकाशक, गाव, वर्ष अशी स्वतः टंकावी लागते. एखाद्याच लेखकाचे नाव कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये नोंदले, तर सूचीत तो दोन माणसांसारखा दिसतो. म्हणून नियम एकदाच ठरवा आणि कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवा. 'संपादक' किंवा 'पृष्ठे' यांच्या जागी इंग्रजी संक्षेप येऊ शकतात, ते अंतिम प्रतीत बदलावे लागतात. विनामूल्य खात्यावर जोडलेल्या फायलींसाठी ३०० एमबी जागा मिळते; छायाचित्रे आणि पीडीएफ यांना ती पुरणार नाही. त्या फायली स्वतःच्या संगणकावर ठेवा आणि झोटेरोच्या संपूर्ण फोल्डरची प्रत नियमितपणे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. सगळी जुनी कार्डे भरण्याचा संकल्प करू नका. जो लेख आता लिहायला घेतला आहे, त्याला लागणाऱ्याच कार्डांची नोंद करा. पुढच्या लेखाच्या वेळी पुढची होतील.

तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि मराठीत संशोधन करणाऱ्या अनेकांना तो भेडसावतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी, सर्व संगणकांवर चालणारी पद्धत. श्रीलिपीसारख्या प्रणालींतल्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक रांग असते. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर नेमकी तीच रांग उघडी पडते. याचे परिणाम केवळ दिसण्यापुरते नाहीत. असा प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) चढवला, तरी त्यातला 'पाझर तलाव' हा शब्द शोधून कोणालाही सापडणार नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर वाचता येत नाही, आणि मग साम्याचे प्रमाण जवळपास शून्य येते. हे शून्य पाहून मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघेही निश्चिंत होतात, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर असे चढते टप्पे आहेत. उद्या कोणी तोच मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासला आणि वेगळाच आकडा निघाला, तर उत्तर देण्याची वेळ विद्यार्थ्यावर येईल, आणि मार्गदर्शक म्हणून तुमच्यावरही.

म्हणून प्रबंध सादर होण्याआधी तो युनिकोडमध्ये आणून घ्या. रूपांतर करणाऱ्या सोयी उपलब्ध आहेत; मात्र रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे यांत चुका राहतात, आणि इतिहासाच्या प्रबंधात चुकलेले साल ही मुद्रणदोषापेक्षा मोठी गोष्ट असते. एका वेळी एकच प्रकरण रूपांतरित करावे, मूळ फाइल आणि तिची छापील प्रत बाजूला ठेवून विशेषनामे, साल आणि कोष्टके ताडून पाहावीत, आणि मूळ फाइल कधीही पुसू नये. आणखी एक बारीक बाब: 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी' यांसारख्या शब्दांतला ऱ्य युनिकोडमध्येही दोन पद्धतींनी टंकला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. प्रबंधात अर्धे 'शेतकऱ्यांनी' एका पद्धतीचे आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीचे असतील, तर शोध घेताना निम्मे निसटतात. 'शोधा व बदला' या सोयीने ते एकसारखे करून घेता येतात. यापुढचे सर्व लेखन मात्र थेट युनिकोडमध्येच करावे. भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये अंगभूत असतो. काही आठवडे बोटे अडखळतात, नंतर सरावतात. टंकनाचा कंटाळा असेल तर गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे, पहिल्या खर्ड्याला ती चांगली उपयोगी पडते.

दुष्काळाच्या काळातील वृत्तपत्रांच्या बांधीव फायली तुम्ही नगर वाचनालयात बसून हाताने उतरवून घेता. तिथे परवानगी असेल तर फोनने नीट उजेडात, पान सपाट ठेवून छायाचित्र घ्या, ते गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा. छापील देवनागरी मजकूर बऱ्याच अंशी अक्षरांत उतरतो. जुनी पुसट छपाई, अरुंद स्तंभ आणि पानाची घडी इथे चुका होतात, त्यामुळे उद्धृत करायचा उतारा मूळ चित्राशी ताडल्याशिवाय वापरू नये. मोडी कागदांसाठी मात्र अजूनही मोडीचा जाणकारच गाठावा लागेल. छायाचित्रांना नावे देताना फोनने दिलेला क्रमांक तसाच ठेवू नका. वृत्तपत्र, वर्ष-महिना-दिवस आणि पान असा क्रम ठेवला, तर फायली आपोआप कालक्रमाने लागतात आणि तीन वर्षांनंतरही चित्र कुठले आहे ते कळते. हा एवढासा नियम कित्येक महागड्या साधनांपेक्षा अधिक वेळ वाचवतो.

वर्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे. कोणतेही साधन निवडण्याआधी एका विशिष्ट विद्यार्थिनीचा विचार करा: तिच्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तो वडील कामावरून आल्यावर रात्री तिच्या हाती येतो, दिवसाच्या डेटातला बराचसा तोवर संपलेला असतो, आणि सकाळी सातची एसटी तिला पकडायची असते. तिला जे करता येईल तेच वर्गाचे साधन ठेवावे. तासाभराच्या चित्रफितीऐवजी दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण, लहान आकाराची पीडीएफ आणि तिची एक छापील प्रत ग्रंथालयात, एवढ्याने तिचे काम होते. हजेरी लावायला एक नवे अॅप, चाचणीला दुसरे आणि टिपणांना तिसरे असे केले, तर पहिल्यांदा गळते ती हीच मुलगी, आणि ती गळली हे आकडेवारीत दिसतही नाही, कारण तिथे फक्त 'सादर केले नाही' एवढेच नोंदले जाते.

सध्या तुमचे सगळे काम व्हॉट्सअॅपच्या गटावर चालते. तातडीच्या सूचनेसाठी ते ठीक आहे. टिपणे मात्र तिथे शुभेच्छांच्या आणि पुढे पाठवलेल्या संदेशांच्या ढिगाऱ्याखाली जातात, आणि गटातल्या प्रत्येक मुलीचा फोन क्रमांक सर्वांना दिसतो. या दुसऱ्या गोष्टीकडे महाविद्यालये फारसे लक्ष देत नाहीत, आणि त्याचा त्रास मुली निमूटपणे सोसतात. टिपणे आणि गृहपाठ यांसाठी गुगल क्लासरूमसारखी एकच जागा ठेवा, आणि व्हॉट्सअॅपवर सूचना द्यायच्या असतील तर सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसणार नाहीत अशी, कम्युनिटीच्या घोषणागटासारखी व्यवस्था वापरा. महाविद्यालयात संगणक सांभाळणारी जाणकार व्यक्ती असेल तर मूडल हा चांगला पर्याय आहे. २००२ पासून जगभर वापरात असलेले हे मुक्तस्रोत साधन आहे, आणि त्याच्या अॅपवर अभ्यासक्रमाचे साहित्य उतरवून घेऊन पुढे इंटरनेटशिवाय वाचता येते. अशी व्यक्ती नसेल तर मूडलच्या वाटेला जाऊ नका; सांभाळणारे कोणी नसलेला सर्व्हर परीक्षेच्या आठवड्यात बंद पडतो.

यंत्राकडून लिहून घेतलेल्या गृहपाठाचा प्रश्न राहिला. 'महाराष्ट्रातील १९७२च्या दुष्काळाची कारणे व परिणाम स्पष्ट करा' असा प्रश्न दिला, तर चॅटजीपीटी त्याचे नीटनेटके उत्तर देते. चॅटजीपीटी येण्याआधी असेच उत्तर गाइडमधून उतरवले जात होते, त्यामुळे विद्यार्थ्यांनी काही नवे पाप केले असे मला वाटत नाही. प्रश्न बदलला तर परिस्थिती बदलते, आणि या बाबतीत तुमच्याइतकी अनुकूल जागा क्वचितच कोणाला मिळेल. तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत आजही असे आजी-आजोबा आहेत, ज्यांनी त्या दुष्काळात खडी फोडली, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, लेकरांसाठी सुकडी घेण्याकरिता रांग लावली आणि लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला त्याच काळात बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे; आपल्या गावचा तलाव कोणत्या कामातून झाला, हजेरीपट कोण ठेवत असे, मजुरी किती आणि किती दिवसांनी मिळे, बायकांना वेगळी मिळे का, हे मात्र कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही.

गृहपाठ असा द्या: एका वृद्ध व्यक्तीची परवानगी घेऊन समोर बसून घेतलेली वीस मिनिटांची मुलाखत फोनमध्ये ध्वनिमुद्रित करायची, तिच्यातील एक पान शब्दशः, बोलीत, जसेच्या तसे उतरवायचे, आणि तिच्या आठवणीतील एक गोष्ट वृत्तपत्राशी किंवा सरकारी नोंदीशी ताडून पाहायची. आवाज अक्षरांत उतरवणारी साधने माणदेशी किंवा वऱ्हाडी बोलीत अडखळतात. तो खर्डा ऐकत ऐकत दुरुस्त करणे हाच अभ्यास होतो. सादरीकरण एकदम न घेता प्रश्नावली, उतारा आणि अंतिम लेखन असे टप्प्यांनी घ्या आणि शेवटी प्रत्येकाशी पाच मिनिटे बोला. ऐंशी जणांच्या वर्गात हे शक्य नाही असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. चार-चार जणांचे गट करा, गटाशी बोला, पण प्रश्न गटातील कोणालाही विचारता येईल असे आधीच सांगून ठेवा.

एखाद्या गृहपाठात यंत्राचा उघड वापरही करू द्यावा. १९७२च्या दुष्काळावर चॅटजीपीटीने दिलेले उत्तर सर्वांना सारखेच वाटा आणि त्यातील प्रत्येक विधान कशाच्या आधारे खरे किंवा खोटे ठरवता येईल, हे लिहायला सांगा. ही साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेख आत्मविश्वासाने सांगतात. असा एखादा बनावट संदर्भ ग्रंथालयात शोधून न सापडण्याचा अनुभव विद्यार्थ्यांना संदर्भ तपासण्याचे महत्त्व चांगले शिकवतो. तुमच्या संशोधक विद्यार्थ्यालाही हेच लागू आहे: यंत्राने सुचवलेला एकही संदर्भ, मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याखेरीज सूचीत जाऊ नये. तसेच अप्रकाशित प्रकरणे, मुलाखती देणाऱ्यांची नावे आणि विद्यार्थ्यांचे गुण यांतले काहीही विनामूल्य एआय साधनांत टाकू नये; मुलाखत देणाऱ्या आजीने तुमच्या विद्यार्थ्यावर विश्वास ठेवलेला असतो, कोणत्याही कंपनीवर नव्हे.

पॅकेजच्या प्रस्तावाला सरसकट विरोध करू नका. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि हजेरी व गुणांच्या नोंदींचे काम त्यामुळे खरोखर हलके होऊ शकते. मात्र करार होण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. साठवलेले साहित्य आणि गुण नेहमीच्या स्वरूपात बाहेर काढता येतील का? करार संपल्यावर माहिती किती दिवस राहील आणि नंतर ती पुसली जाईल का? मराठी युनिकोड सर्वत्र चालते का? कमी क्षमतेच्या फोनवर उघडते का? यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या कंपन्यांची साधनेही बंद होतात. गुगलचा जॅमबोर्ड अनेक शिक्षकांनी फळा म्हणून आत्मसात केला होता; २०२४च्या अखेरीस तो बंद झाला, आणि शिक्षकांना आपले फळे दुसरीकडे हलवावे लागले.

पैसे खर्च करण्यापूर्वी महाविद्यालयाला आधीच काय उपलब्ध आहे, हे ग्रंथपालांबरोबर एकदा बसून पाहा. विद्यापीठे व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना सेवा देणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही योजना महाविद्यालयांसाठीच आहे, आणि अल्प वार्षिक शुल्कात तिच्यातून हजारो ई-नियतकालिके व ई-पुस्तके मिळतात. अनेक महाविद्यालये शुल्क भरतात, पण शिक्षकांची खाती उघडलेलीच नसतात. संशोधन-नियतकालिके अनेक संस्थांना एकत्रित सदस्यत्वाने देणारी केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना जानेवारी २०२५ पासून चालू झाली आहे. तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी असल्यामुळे, तुमच्या अनुदानित महाविद्यालयाचा तीत समावेश आहे असे गृहीत धरू नका, चौकशी करा. आपल्या विषयात पूर्वी काय झाले आहे ते शोधगंगेवर विनामूल्य दिसते. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. लिबरऑफिससारखी साधने शिकायची असतील तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे पाठ मराठीतही आहेत. ते एकट्याने, थांबवत थांबवत, कोणासमोर संकोच न वाटता पाहता येतात, आणि तुम्ही व्यक्त केलेला संकोच लक्षात घेता मला ते तुमच्यासाठी एखाद्या कार्यशाळेपेक्षा अधिक सोयीचे वाटतात.

प्राचार्यांशी बोलताना 'हे माझे काम नाही' असे म्हणू नका. त्याने तुमचा अनुभव निर्णयाच्या बाहेर राहील आणि निर्णय विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून होईल. त्याऐवजी एक पानी टिपण द्या: दुष्काळाच्या मुलाखतींचा प्रकल्प या सत्रात एका वर्गापुरता, टिपणांसाठी एकच डिजिटल जागा, संशोधक विद्यार्थ्यांसाठी युनिकोड सक्तीचे. नॅकच्या दृष्टीनेही हे काम भक्कम आहे, कारण त्यात ध्वनिमुद्रणे, उतारे आणि विद्यार्थ्यांचे लेखन असा प्रत्यक्ष पुरावा तयार होतो. प्रोजेक्टरसमोर उभ्या शिक्षकाच्या छायाचित्रापेक्षा तो केव्हाही अधिक बोलका आहे. चित्रणाची आणि ध्वनिमुद्रणाची बाजू तुमच्या तरुण सहकाऱ्यांकडे द्या आणि प्रकल्पावर दोघांचीही नावे घाला. त्यांना ऐतिहासिक साधनांची ओळख होईल, तुम्हाला तांत्रिक अडचण आली की हक्काने विचारता येईल, आणि पॅकेजच्या चर्चेत तुम्ही दोघे समोरासमोर उभे राहण्याची वेळ येणार नाही.

त्या टिपणाच्या शेवटी महाविद्यालयाकडून हव्या असलेल्या गोष्टीही स्पष्ट मागा: एन-लिस्टची खाती सर्व शिक्षकांना, ग्रंथालयात एक चांगला स्कॅनर, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क (एक विभागात, एक ग्रंथालयात), आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्या विद्यार्थ्यांसाठी संगणककक्ष दुपारी दोन तास खुला. या मागण्यांचा खर्च पॅकेजच्या वार्षिक शुल्काशेजारी मांडून आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, पुढच्या बैठकीत ठेवा, आणि शक्य झाल्यास ग्रंथपालांची सही त्यावर आधी घ्या.